घराच्या दर्शनी अंगाचे संगणकचित्र : वास्तवतेचा इतिहास आणि बीडची माळवदे

बीड जिल्ह्यातील जुन्या वस्त्यांमधून माळवदाची घरे वर्षागणिक कमी होत आहेत. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी तुळयांवर पट्ट्या व पाल्याचा थर, आणि त्यावर गढीची किंवा पांढरीची माती, असे हे बांधकाम. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात लातूर व धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) या शेजारच्या जिल्ह्यांत हजारो माणसे अशाच घरांखाली गाडली गेली, तेव्हा या बांधकामावरील लोकांचा विश्वास डळमळला तो डळमळलाच. सिमेंटचे घर बांधणाऱ्यास त्याबद्दल कोणी दोष देऊ शकणार नाही. परंतु जे पडले अथवा पाडले गेले, ते पुढील अभ्यासकाने पाहावयाचे कोठे, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढे उरतोच.

त्या प्रश्नाला अलीकडे एक उत्तर दिले जाते, ते संगणकचित्राचे. बांधकाम व्यवसायात ज्याला ‘थ्रीडी एलिव्हेशन’ म्हणतात आणि जे चौकाचौकांतील फ्लेक्स फलकांवर आपण पाहतो, त्याच साधनाने नष्ट वास्तूंची पुनर्रचना करण्याची प्रथा जगभर रूढ झाली आहे. अशी चित्रे दिवसेंदिवस अधिक खरी भासू लागली आहेत. ती कशामुळे खरी भासू लागली याचा इतिहास पाहणे, आणि त्या इतिहासाच्या आधारे बीडच्या घराचे चित्र कोठे चुकण्याचा संभव आहे याचा शोध घेणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वास्तूचे बाह्यांग हुबेहूब उतरविण्याची खटपट मराठवाड्याच्या भूमीस नवीन नाही. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुण्याच्या रेसिडेन्सीत सर चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने गंगाराम चिंतामण तांबट हा चित्रकार वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढीत होता. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्याच मंडळींत होता. तो १७९५ साली वारला, आणि त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल याने वेरूळचा चित्रसंच १८०३ मध्ये लंडनला प्रसिद्ध केला. पुढे जेम्स फर्ग्युसन याने १८४५ च्या आपल्या ग्रंथासाठी कॅमेरा ल्युसिडा हे लोलकाचे साधन वापरले. त्या साधनाने रेषा बिनचूक येते. छायाप्रकाश मात्र हाताने आणि आठवणीनेच भरावा लागतो. रेषा प्रथम साधली आणि प्रकाश मागाहून, हा जो क्रम येथे दिसतो तोच संगणकाच्या बाबतीतही पुन्हा घडला.

आयव्हन सदरलँड याची ‘स्केचपॅड’ ही प्रणाली १९६३ ची. तिच्यात पडद्यावर रेषा काढता येत, पृष्ठभाग नव्हते. रेषांच्या या सांगाड्यास पृष्ठभाग व छायाप्रकाश देण्याचे काम १९७० च्या आसपास मुख्यतः अमेरिकेतील यूटा विद्यापीठात झाले. तेथे हेन्री गूरो याने १९७१ मध्ये वक्र पृष्ठभागावर छटा सलग उतरविण्याची रीत दिली. एडविन कॅटमल याने १९७४ च्या प्रबंधात पृष्ठभागावर दुसरे चित्र चिकटविण्याची युक्ती मांडली. आणि बुइ तुआँग फाँग या व्हिएतनामी संशोधकाने चकाकीचे सूत्र दिले, जे १९७५ साली प्रसिद्ध झाले. फाँग त्याच वर्षी वारला. त्याच्या सूत्राने काढलेली प्रत्येक वस्तू प्लास्टिकची वाटते, असा आक्षेप पुढे घेतला गेला व तो बराचसा खरा आहे. घराच्या भिंतीच्या दृष्टीने त्या काळची मुख्य उणीव मात्र चकाकीची नव्हती. भिंतीवर प्रकाश येतो कोठून, हा प्रश्नच त्या पिढीने पुरता विचारला नव्हता. एक सूर्य धरावयाचा, त्याचा कोन पाहावयाचा, आणि सावलीत सर्वत्र सारखा असा एक ठोकळ उजेड मिसळावयाचा, एवढ्यावर काम भागविले जाई.

सूर्याच्या कोनाचे गणित तर फार जुने. योहान लँबर्ट याने १७६० मध्ये भुरकट पृष्ठभागाचा उजळपणा किरणांच्या कलावर कसा अवलंबून असतो हे सांगितले, आणि संगणकचित्रांत दीर्घकाळ हाच नियम चालला. सावलीच्या लांबीचे गणित त्याहूनही कितीतरी आधीचे आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त छायाव्यवहार नावाचे प्रकरणच आहे, व त्यात बारा अंगुलांच्या शंकूची आणि दिव्याची छाया मोजण्याचे प्रश्न येतात. (भास्कराचार्यांचे विज्जडविड म्हणजे बीड, असे मानणारा एक पक्ष आहे. चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याचा १२०७ चा शिलालेख आहे, हे लक्षात घेता त्या पक्षास निश्चित म्हणता येत नाही. जिल्ह्याच्या अभिमानापोटी हा वाद मिटविण्याचे कारण नाही.) बीडचा अक्षांश सुमारे १९ अंश. त्यावरून बीडची पलभा, म्हणजे विषुवदिनी मध्यान्हीची शंकुछाया, सुमारे ४ अंगुले ८ व्यंगुले येते. हा एक आकडा हाती असला की बीडच्या प्रकाशाविषयी पुष्कळ काही सांगता येते.

उदाहरणार्थ, विषुवदिनी मध्यान्ही बीडमध्ये सूर्य क्षितिजापासून ७१ अंश वर असतो. त्या वेळी सपाट अंगणावर जितके ऊन पडते, त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा दक्षिणाभिमुख भिंतीवर पडतो. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस तर सूर्य नेमका डोक्यावर येतो. तेव्हा कोणत्याही उभ्या भिंतीस मध्यान्ही थेट ऊन जवळजवळ मिळतच नाही. तरीही ती भिंत काळी पडत नाही, उलट डोळे दिपावेत इतकी उजळ दिसते. हा प्रकाश अर्थातच आकाशाचा आणि जमिनीचा. उभ्या भिंतीपुढे अर्धे आकाश असते व अर्धी जमीन. जमीन आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा चतुर्थांश परत टाकते असे धरले, तर अंगणावरील प्रकाशाचा आठवा हिस्सा भिंतीस जमिनीकडून मिळतो. निरभ्र आकाशातून येणारा विखुरलेला प्रकाश अंगणावरील एकूण प्रकाशाच्या दहाव्या हिश्श्याइतका धरला, तर भिंतीच्या वाट्यास त्यातील निम्मा, म्हणजे विसावा हिस्सा येतो. आकडे कमीअधिक होतील. परंतु उन्हाळ्यातील दुपारी बीडच्या घराचे दर्शनी अंग मुख्यतः त्याच्या पायाशी असलेल्या मातीने उजळते, हा निष्कर्ष बदलणार नाही.

संगणकचित्राच्या शास्त्राने हा दुसऱ्या हाताचा प्रकाश हिशेबात धरला तो १९८४ साली. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गोरल, टॉरन्स, ग्रीनबर्ग आणि बॅटेल यांनी ‘रेडिओसिटी’ नावाची रीत मांडली. ती मुळात उष्णतेच्या अभियांत्रिकीतील, भट्टीच्या भिंती एकमेकींस किती उष्णता देतात हे काढण्याची. केनेथ टॉरन्स हा स्वतः यंत्र-अभियांत्रिकीचा प्राध्यापक. उष्णतेच्या जागी प्रकाश घालताच एका भिंतीचा रंग शेजारच्या भिंतीवर उतरलेला चित्रात दिसू लागला. पुढे १९८६ मध्ये जेम्स काजिया याने प्रकाशाच्या या सर्व देवघेवीचे एकच समीकरण लिहिले, आणि आजच्या बहुतेक प्रणाली त्याच समीकरणाची उत्तरे निरनिराळ्या रीतींनी काढीत असतात.

घराच्या बाह्यांगापुरते बोलावयाचे तर त्याच वर्षीचे जपानी संशोधकांचे काम मला अधिक महत्त्वाचे वाटते. निशिता आणि नाकामाए यांनी हिरोशिमाहून १९८६ मध्ये आकाशाच्या विस्तृत प्रकाशाने उजळलेल्या वस्तूंचे चित्र काढण्याची रीत प्रसिद्ध केली. सूर्य हा एक बिंदू, आणि आकाश हे एक प्रचंड दीपगृह, अशी दोन उगमांची मांडणी त्यांत आहे. नाकामाए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याच सुमारास नियोजित इमारतीचे संगणकचित्र खऱ्या जागेच्या छायाचित्रावर बसविण्याची पद्धतही दिली. इमारत उभी राहण्यापूर्वी ती आपल्या परिसरात कशी दिसेल हे तपासण्याचा हा आरंभीचा शास्त्रीय प्रयत्न म्हणता येईल. पुढे १९९९ मध्ये प्रीतम, शर्ली आणि स्मिट्स यांनी स्वच्छ व धूसर आकाशाचे वापरण्यास सोपे सूत्र दिले. २०१२ मध्ये होशेक आणि विल्की यांनी प्राग येथे सुधारलेले सूत्र मांडले. त्यात जमीन किती प्रकाश परत टाकते हा आकडाही मागितला आहे, कारण जमिनीवरून उसळलेला प्रकाश आकाशाची छटादेखील बदलतो. व्यवहारात पुष्कळ चित्रकार हा आकडा जसाच्या तसा राहू देतात. काळ्या रानात उभे असलेले घर, मुरमाच्या माळावरील घर आणि चुनखडीच्या भुईवरील घर ही तिन्ही मग एकाच उजेडात न्हालेली दिसतात. बीड जिल्ह्यात गोदाकाठची काळी जमीन आणि बालाघाटावरील मुरमाड माळ हा भेद कोणासही ठाऊक आहे. चित्रात तो लोपतो.

प्रकाशानंतर पदार्थाचा विचार. मातीने लिंपलेली भिंत लँबर्टचा नियम पाळीत नाही. मायकेल ओरेन आणि श्री नायर यांनी १९९४ मध्ये हे सप्रमाण दाखविले. खरबरीत पृष्ठभाग म्हणजे असंख्य सूक्ष्म उतारांचा समूह. सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी असला की प्रत्येक उताराची उजळ बाजूच डोळ्यापुढे येते, आणि गोल वस्तूदेखील कडांपर्यंत सारखीच उजळ, म्हणून चपटी दिसते. पौर्णिमेचा चंद्र गोळा न वाटता तबकडी वाटतो याचे कारण हेच. मातीचा गिलावा, वीट, वाळू, खादी या सर्वांचे असेच आहे. आपल्याकडील मातीच्या भिंतीचे संगणकचित्र गुळगुळीत व अकारण गोलसर दिसते, तेव्हा दोष बहुधा येथे असतो. ब्लेंडरसारख्या सर्वांस मोफत मिळणाऱ्या प्रणालीत भुरकट पृष्ठभागाच्या खरबरीतपणाचा आकडा आरंभी शून्यच असतो, आणि शून्य म्हणजे लँबर्ट. तो आकडा वाढविण्यास क्षणभरही लागत नाही, पण तो वाढवावयाचा का हे माहीत असावे लागते.

बीडच्या बांधकामातील दुसरा पदार्थ काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. धारूरचा किल्ला, बीडमध्ये कुंडाच्या मध्यभागी उभे असलेले कंकालेश्वराचे देऊळ, वाड्यांची जोती ही सर्व त्याच दगडाची. हा दगड थोडाच प्रकाश परत टाकतो, म्हणून त्याच्या भिंतींत रेडिओसिटीचा खेळ फारसा दिसत नाही. उलट घडीव चिऱ्यांच्या कडा, टाकीचे घाव आणि सांध्यांतील चुना हेच त्याचे रूप ठरवितात. जेम्स ब्लिन याने १९७८ मध्ये दिलेली, पृष्ठभाग प्रत्यक्ष न वाकविता त्यावर सुरकुत्या भासविण्याची युक्ती येथे काही अंतरापर्यंत उपयोगी पडते. तिरप्या उन्हात मात्र ती उघडी पडते, कारण टाकीच्या घावाची खरी सावली ती देत नाही. आणि बीडमध्ये भिंतींवरचे ऊन वर्षातून कित्येक महिने दुपारी तिरपेच असते, हे वर आलेच आहे.

तिसरी गोष्ट वयाची. नवे घर आणि शंभर पावसाळे पाहिलेले घर यांतील भेद आकारात नसून डागांत असतो. जूली डॉर्सी, पेडर्सन आणि हॅनरॅहन यांनी १९९६ मध्ये भिंतीवरून वाहणारे पाणी काय धुऊन नेते आणि कोठे नेऊन साचविते याचे गणित चित्रात आणले. १९९९ मध्ये झिजलेल्या दगडाचे आणले. माळवदाच्या घरास हे फार लागू आहे. मातीच्या छपराचे पाणी पन्हळीतून पडते, त्या पन्हळीखाली भिंतीवर ओघळ उमटतो, आणि जोत्याशी शिंतोड्यांचा पट्टा तयार होतो. पांढरी माती छपरावरून उतरते ती भिंतीच्या वरच्या भागात फिकट रेघा सोडते. बाजारात मिळणाऱ्या ‘जुन्या भिंती’च्या तयार पोतात डाग असतात, पण पन्हळ एकीकडे आणि ओघळ दुसरीकडे. गावातील कोणत्याही म्हाताऱ्या गवंड्यास हे चित्र दाखवावे; घरात बिघाड कोठे आहे हे तो सांगेल, आणि तो बिघाड चित्रकाराचा असेल.

आता साधनांच्या चिकित्सेकडे वळू. नष्ट घराचे चित्र करताना अभ्यासकाच्या हाती बहुधा जुनी छायाचित्रे असतात. पॉल डेबेव्हेक, टेलर आणि जितेंद्र मलिक यांनी १९९६ मध्ये बर्कले येथे थोड्याशा छायाचित्रांवरून इमारतीचा आकार काढून तीच छायाचित्रे पुन्हा त्या आकारावर चढविण्याची पद्धत सिद्ध केल्यापासून असा प्रयत्न सोपा झाला आहे. परंतु छायाचित्रावरील प्रकाश हा छायाचित्राचा असतो, भिंतीचा नसतो. एकोणिसाव्या शतकातील ओल्या काचेची छायाचित्रणपद्धती निळ्या प्रकाशास फार आणि तांबड्यास जवळजवळ मुळीच दाद देत नसे. त्यामुळे त्या छायाचित्रांत आकाश कोरे पांढरे येते, आणि तांबूस मातीची भिंत आहे त्याहून किती तरी काळवंडते. त्यावरून पूर्वी ही घरे काळपट होती असा तर्क करणे म्हणजे काचेवरील रसायनाचा गुण घरास चिकटविणे होय. शिवाय पुरातत्त्वखात्याच्या पाहण्या सामान्यतः थंडीच्या मोसमात होत. निजामाच्या मुलखातील वास्तूंविषयी जेम्स बर्जेस याचा १८७८ चा अहवाल १८७५-७६ च्या मोसमातील कामाचा आहे. डिसेंबरात बीडचा मध्यान्हीचा सूर्य ४८ अंशांहून थोडा खालीच असतो, आणि दक्षिणेकडील भिंतीस अंगणाच्या जवळजवळ बरोबरीने ऊन मिळते. अशा मोसमातील छायाचित्रांवर डोळा तयार झालेल्या माणसास उन्हाळ्यातील बीड, म्हणजे वरून भाजणारे ऊन आणि खालून उजळलेली भिंत, खोटे वाटण्याचा संभव आहे.

खरे वाटणे आणि खरे असणे यांतील हे अंतर शास्त्रज्ञांनीही तपासून पाहिले आहे. कॉर्नेल येथेच मायर, रशमायर, कोहेन, ग्रीनबर्ग आणि टॉरन्स यांनी १९८६ मध्ये एक साधी रंगीत पेटी प्रत्यक्ष बनविली, तिचे संगणकचित्र केले, आणि दोन्हींच्या प्रतिमा प्रेक्षकांपुढे शेजारी शेजारी ठेवल्या. खरी कोणती हे प्रेक्षकांना अंदाजापलीकडे सांगता आले नाही. प्रयोग मोलाचा आहे. मात्र त्यात मूळ पेटी खोलीत होती. चुकल्यास तिच्याशी ताडून पाहता येत होते. पडलेल्या घराच्या बाबतीत ताडून पाहावयास काहीच उरत नाही. म्हणून चित्र जितके अधिक खरे भासेल तितका त्यातील अंदाज अधिक दडतो, आणि दहा वर्षांनी दुसरा अभ्यासक तेच चित्र पुरावा म्हणून उद्धृत करू लागतो. रेखाटनात हा धोका कमी होता. गंगारामाच्या चित्रात जो भाग त्याने पाहिला नाही तो तुटक रेषेने वा कोरा सोडता येई. संगणकचित्रात कोरी जागा राहतच नाही, प्रत्येक ठिपक्यास कोणता ना कोणता रंग द्यावाच लागतो.

या धोक्यास ओळखूनच २००६ मध्ये लंडन येथे वारसावास्तूंच्या संगणकदर्शनाविषयी एक सनद तयार झाली. तिची सुधारलेली आवृत्ती २००९ ची आहे, आणि पुरातत्त्वासाठी सेव्हिलची तत्त्वे २०११ ची. कोणता भाग पुराव्याने सिद्ध, कोणता तर्काने भरलेला, आणि तो तर्क कोणत्या आधारावर केला, हे चित्राबरोबर नोंदवून ठेवावे, असा त्यांचा आग्रह आहे. आपल्याकडील प्रबंधांना जोडलेल्या पुनर्रचनाचित्रांत अशी नोंद क्वचितच दिसते. वास्तविक तळटीपेशिवाय विधान न करणाऱ्या विद्यार्थ्याने तळटीपेशिवाय भिंत का रंगवावी?

बीड जिल्ह्यापुरते पाहता ही नोंद अवघड नाही, कारण अद्याप काही माळवदे उभी आहेत. घर पडण्यापूर्वी त्याचे केवळ मापन न करता भिंतीजवळ ठराविक करड्या रंगाचे पत्र ठेवून भिंतीचे, जोत्याचे आणि समोरच्या अंगणाचे छायाचित्र घ्यावे. तारीख, वेळ व दिशा लिहावी. पन्हळींच्या जागा दाखवाव्यात. मातीचा नमुना कोणत्या थरातील हे टिपावे. तारीख, वेळ आणि दिशा एवढ्यावरून सूर्याची जागा काढता येते, आणि मागाहून केलेल्या चित्राची परीक्षाही करता येते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बीडमध्ये मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेस साडेचार अंशांच्या आसपास सरकलेला असतो. त्या दिवशीच्या दुपारचे म्हणून केलेल्या चित्रात देवडीच्या उत्तरेकडील भिंतीवर अगदी उभे, घसटते ऊन दिसले पाहिजे आणि दक्षिणेकडील भिंत संपूर्ण सावलीत असली पाहिजे. बाजारातील कित्येक प्रणालींत प्रथम स्थळाचा अक्षांश भरावा लागतो. तो न भरता काढलेल्या चित्रात हे ऊन असेच सापडेल याची खात्री नाही.